डोंगरावरून दिसणारं शहर

सारायेव्होच्या तांबट आळीत हिल्मियाचं दुकान आहे, आणि दुकानात तांब्याचं फारसं काही नाही. बापाने याच ऐरणीवर लांब दांड्याची कॉफीची भांडी ठोकली, पाटाएवढी ताटं ठोकली. सत्तरी ओलांडलेला हिल्मिया करतो बंदुकीच्या पुंगळ्यांची पेनं, किल्ल्यांच्या साखळ्या आणि तोफेच्या पुंगळ्यांच्या फुलदाण्या. नव्वदच्या दशकात शहराला पडलेल्या वेढ्यात जे आमच्या जिवावर उठलं, त्याचं हे शोभेचं सामान. परदेशी पाहुण्यांना तेच हवं असतं. "खरी आहे ना?" असं विचारत पुंगळी कानाशी धरून हलवतात, बाजारात नारळ घ्यावा तशी. खरीच असते बाबांनो. खोट्या करायची आमच्यावर कधी वेळच आली नाही.

काम मात्र सोपं नाही. रिकाम्या पुंगळीवर छिन्नी मारली की पितळाला पोचा पडतो. म्हणून आधी आत वितळलेली राळ ओतायची, ती घट्ट झाली की वरून नक्षी कोरायची आणि शेवटी तापवून राळ काढून टाकायची. हिल्मिया सगळ्या फुलदाण्यांवर एकच चित्र कोरतो: डोंगरावरून दिसणारं शहर. मिनार, पूल, उतरत गेलेली घरं. स्वतः मात्र त्या डोंगरावर लढाईनंतर त्याने पाऊल ठेवलेलं नाही. जुनं पोस्टकार्ड समोर ठेवून कोरतो.

आता गोळा येतो शहरात आणि पुंगळी राहते तोफेपाशी. म्हणजे हा माल मिळतो तो वर डोंगरावर, जिथे वेढा घालणारे बसले होते तिथे. हे आळीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तरी माल आणणाऱ्याला कोणी विचारत नाही, की तुला ही जागा बरी सापडली. लढाईत तू कुठे होतास, हेही इथे कोणी कोणाला विचारत नाही. या न विचारण्यालाच आम्ही सभ्यता म्हणतो आणि तिच्या जोरावर एकमेकांना कॉफी पाजतो.

हिल्मियाला माल द्यायचा राडोये. डोंगरापलीकडच्या ख्रिस्ती गावचा, पन्नाशीचा, बायको सोडून गेलेला, गप्पिष्ट. बाकीच्यांचा माल केव्हाच संपला, याचा संपेना. मातीखाली गेलेले ढीग त्याला बरोबर सापडायचे. पोतं टेकवून म्हणायचा, "उस्ताद, खास तुमच्यासाठी निवडून आणल्यात." हिल्मियाला हा माणूस आवडायचा. तेच तर वाईट झालं.

गेल्या शरदात राडोयेने एक तयार फुलदाणी उचलली, फिरवून पाहिली आणि हसला.

"उस्ताद, हे चुकलं हं."

"काय चुकलं?"

"वरून बघितलं की मिनार पुलाच्या डावीकडे येतो. आणि खालचा नळ तुम्ही घराआड लपवलाय. तो नाही लपत. चांगला उघडा दिसतो. वळणापर्यंतची रांगसुद्धा दिसायची."

"कसली रांग?"

"पाण्याची. डबे घेऊन लोक..." राडोये थांबला. त्याने कप तोंडाला लावला. कप रिकामा होता.

त्या नळावर रांग लागायची ती फक्त वेढ्यात. एरवी घरोघरी पाणी आहे. हिल्मियाची मुलगी मेव्हलिदा त्याच रांगेत गोळा पडून गेली, एकोणिसाव्या वर्षी. आज असती तर राडोयेच्याच वयाची असती. तो गोळा त्याच्याच तोफेचा होता, असं कोणी सांगावं? नव्हता, असं तरी कोणी सांगावं?

हिल्मियाने त्याचं मानगूट धरून त्याला आळीबाहेर काढायला हवं होतं. त्याने त्याचा कप पुन्हा भरला. पुढच्या खेपेचा मालही घेतला, कारण दुसरीकडून मिळत नव्हता. आणि चित्र दुरुस्त केलं. मिनार डावीकडे नेला, नळ उघडा केला. चूक कळल्यावर तशीच ठेवणारा कारागीर नव्हे ना तो! अरे हिल्मिया, मेल्या, तेवढी एक चूक तरी राहू द्यायची होतीस.

बायकोला, सफेताला, त्याने अवाक्षर सांगितलं नाही. ती पडली माणसांची भुकेली. ईद जवळ आली तशी म्हणाली, "अरे हिल्मो, तो तुझा राडोये घरात एकटाच असतो ना? जेवायला बोलाव त्याला."

"त्यांचे सण वेगळे."

"पोट वेगळं आहे का? बोलाव म्हणते ना."

हिल्मिया "बरं" म्हणाला. नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं.

राडोये इस्त्रीचा शर्ट घालून आला. सफेताने कोबीच्या पानात खिमा भरून शिजवला होता. त्याने मागून मागून खाल्लं. "वहिनी, हाताला काय चव आहे तुमच्या!" मग त्याची नजर भिंतीवरच्या फोटोकडे गेली. "ही मुलगी वाटतं? परदेशात असते का?"

"पाणी आणायला गेली होती," सफेता म्हणाली. "वेढ्यात. खालच्या नळावर."

राडोयेचा घास तोंडातच राहिला. त्याने पाहिलं ते सफेताकडे नाही, हिल्मियाकडे. आणि हिल्मियाने मान खाली घातली. सफेताला तेवढं पुरलं.

"वहिनी, मी तेव्हा पोरगा होतो, मला..."

"ऊठ."

तो उठला आणि गेला. दार त्याने फार हळू लावलं.

"तुला माहीत होतं," सफेता नवऱ्याला म्हणाली. "केव्हापासून?"

"शरदापासून."

"आणि माझ्या हातचं त्याला खाऊ घातलंस."

"दुकान कशावर चालवू, सफेता? सांग ना. कशावर चालवू?"

तिने राडोयेची उष्टी बशी उचलली. मग हिल्मियाचं जेवण अर्ध्यावर असतानाच त्याच्या पुढ्यातली बशी ओढून घेतली आणि दोन्हींतलं अन्न खरकट्याच्या एकाच बादलीत ओतलं.