सत्यभामाबाईंच्या काचा

सत्यभामाबाई वानखडे तिवश्याच्या. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला. सातवी झालेली होती, म्हणून अकोल्याला येऊन मुलींच्या शाळेत लागल्या. मी त्याच शाळेत होते. ट्रेनिंग दोघींचेही झालेले नव्हते. १९५८ साली संस्थेने ठरवले, की एकीला अमरावतीला ट्रेनिंगला पाठवायचे आणि दुसरीला एप्रिलमध्ये मोकळे करायचे. दिवाळीआधी शिक्षणखात्याचे डेप्युटीसाहेब तपासणीला यायचे होते. दोघींचे तास पाहून ते शेरा देणार, आणि त्यावरून मोठ्या बाई, म्हणजे दुर्गाबाई, ठरवणार.

मला माहेर होते. वडिलांची भिक्षुकी बरी चालायची. सत्यभामाबाईंना मात्र दिराच्या घरी परत जावे लागले असते. त्या एवढेच म्हणत, "तिथं भाकर भेटते. पण विचारून घ्या लागते."

शाळेच्या माळ्यावर एक जादूचा कंदील पडून होता. कोणा कीर्तनकारांनी दिलेला. आत घासलेटचा दिवा, पुढे भिंग, आणि मध्ये चित्राची काच सरकवायला खाच. काच उलटी घालायची, की समोरच्या चादरीवर चित्र सुलटे दिसे. सत्यभामाबाईंनी तो खाली काढून रांगोळीने घासला. फोटो मढवणाऱ्याकडून काचेचे तुकडे आणले आणि त्यांवर शाईने चित्रे काढायला बसल्या.

देवादिकांची चित्रे असतील असे मला वाटले होते. तसे नव्हते. पहिल्या काचेवर प्रश्न आणि तीन उत्तरे. वर्गाने एक उत्तर सांगायचे, आणि पुढची काच कोणती ते त्या उत्तरावर ठरायचे. त्यासाठी त्यांनी एक वही केली होती. "काच ११. पहिले उत्तर आले तर १२. दुसरे आले तर १४. तिसरे आले तर १७. बारा आणि चौदा झाल्यावर परत ११." अशी पानेच्या पाने. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात शाईने आकडा. त्या वर्गापुढे उभ्या राहत आणि मी वही पाहून काचा सरकवत असे.

'चूक' हा शब्द एकाही काचेवर नव्हता. मी विचारले, "काहो, चुकली तर चुकली लिहायला काय हरकत?"

"चूक म्हटलं का पोरगी खाली पायते, तारा. पुढं काय होते ते दाखोलं का ते वर पायते."

त्या दसऱ्याला सत्यभामाबाई तिवश्याला गेल्या होत्या. आमच्याकडे दसऱ्याला ज्यावर पोट चालते त्याची पूजा होते. वडिलांची पळी-पंचपात्री, आईचे जाते. मी शाळेत जाऊन हजेरीपट, खडूची पेटी, कंदील, सगळ्याला हळदकुंकू लावले. मग मनात आले, काचा कशाला उपाशी ठेवायच्या. एकेक काच काढली आणि ओल्या बोटाने कुंकू लावले. चित्र खराब होऊ नये म्हणून कोपऱ्यात लावले. मनापासून लावले. आकडे कोपऱ्यातच आहेत, हे डोक्यात आले नाही.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी सत्यभामाबाई परत आल्या. काचांची पेटी जागेवर होती, ती त्यांनी उघडली नाही. दुसऱ्या दिवशी खिडक्यांना जमखाने लावून वर्ग अंधारा केला. डेप्युटीसाहेब मागच्या खुर्चीवर, शेजारी दुर्गाबाई. मी त्या धड्याची पहिली काच, म्हणजे अकरावी, सरकवली. चादरीवर प्रश्न आला, "विहिरीचे पाणी गढूळ आहे. काय कराल?" आणि कोपऱ्यात ताटाएवढा लाल टिळा. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने हात जोडले.

कुंदा नावाची मोर्शीकडची मुलगी उठून म्हणाली, "तुरटी फिरवू, बाई. दुसरं उत्तर."

वहीप्रमाणे चौदा. मी कंदिलाच्या फटीतल्या उजेडात पेटी चाळली. प्रत्येक काचेवर लाल डाग, आकडा एकीवरही नाही. मी अंदाजाने एक काढून घातली. चादरीवर खाटेभोवती हसणारे घर आले, खाली "सगळे बरे आहेत". ती सतरा होती, पाणी उकळण्याच्या उत्तराची.

डेप्युटीसाहेब म्हणाले, "म्हणजे तुरटी पुरते?"

सत्यभामाबाई माझ्याजवळ आल्या. पेटीत पाहिले, माझ्या तोंडाकडे पाहिले. मग दिवा बारीक केला आणि खिडकीचा जमखाना ओढून काढला.

"कुंदा, काचेनं सांगतलं बरं हाय म्हणून. तुले पटते का?"

"नाही, बाई. आमच्या घरी तुरटी फिरवली होती. पाणी आरशासारखं झालं. तरी मोठ्या मायले हगवण लागलीच."

"मंग तू चौदा नंबर. इथं उभी राय. तसंच पेलं तर काय, कोण सांगते? तू बारा. उकळलं तर? तू सतरा."

आठ-दहा मुली भिंतीशी उभ्या राहिल्या. बाकीच्या उत्तर द्यायच्या, आणि ज्या मुलीचा आकडा येई ती पुढे येऊन काय झाले ते सांगायची. एकीने आजारी पडून दाखवले, ते जरा जास्तच झाले. अर्धा तास असा गेला.

डेप्युटीसाहेबांनी शेऱ्यात लिहिले, "उपकरण अपुरे. विद्यार्थिनींची उत्तरे समाधानकारक." माझा तास त्यांनी 'ठीक' म्हटला होता.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेआधी मी दुर्गाबाईंच्या खोलीत गेले आणि कुंकवाचे सांगितले.

"ती तर म्हणाली, शाई हलकी होती," दुर्गाबाई म्हणाल्या. शेऱ्याचा कागद पुढे ओढला. "साहेबांना वाटलं, काचा बिघडल्या त्या तिच्या निष्काळजीपणाने. तसं नसेल, तर तिचाच तास वरचढ. तुला समजतंय ना, हे सांगून तू काय केलंस?"

"समजतंय."

जूनमध्ये सत्यभामाबाई अमरावतीला गेल्या. मला एप्रिलमध्ये मोकळे केले. पुढे दीड वर्षाने नगरपालिकेच्या शाळेत लागले, आणि तिथून निवृत्त झाले. दुर्गाबाईंसमोर मी कबूल केले होते, सत्यभामाबाईंची माफी मागायला मात्र पुढचा दसरा उजाडला. ट्रेनिंगला सुट्टी होती, म्हणून त्या अकोल्याला आल्या होत्या आणि शाळेत भेटल्या. मी बोलायला लागले, तर म्हणाल्या, "पूजाच केली ना वं? चोरी त नाही केली."

मग पेटी उघडून दाखवली. आकडे आता शाईचे नव्हते. खिळ्याने ओरखडून काढलेले होते, बोट फिरवले तर लागत. सगळ्यांत पुढे एक कोरी काच होती. तिच्यावर चित्र नाही, प्रश्न नाही, आकडा शून्य.

"इले लाव काय लावायचं ते. बाकीच्याइले हात लावू नको."

मी लावले. पुढे त्या शाळेत परत आल्या आणि १९६९ पर्यंत होत्या. दर दसऱ्याला मी तिथे जात असे. ती काच शेवटी इतकी लाल झाली होती, की आरपार काही दिसत नसे.