साडेबारा हजार किलोमीटर

देवराम गावित नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका सोसायटीत अकरा वर्षं वॉचमन आहे. गाव पेठच्या डोंगरात. तिथली भातशेती बायको भागीबाई बघायची. हा महिन्यातून दोनदा जाऊन यायचा. एकुलती मुलगी तृप्ती नर्स झाली, टोरांटोत नोकरीला लागली, तिथंच तिनं लग्न केलं. गेल्या मार्चमध्ये तिचा फोन आला. दिवस गेलेत, तुम्ही दोघंही या.

"आईचं काम हाय ते," देवराम म्हणाला. "मी आलो तर कापणी कोण करंल?"

भागीबाईचा पासपोर्ट, व्हिसा, सगळे अर्ज तिसऱ्या मजल्यावरच्या सुधाताईंनी भरून दिले. ऑगस्टात मुंबईच्या विमानतळावर, हिरवं लुगडं नेसलेली भागीबाई दारातून आत गेली. एकदाच वळून बघितलं. मग गर्दीत दिसेनाशी झाली.

दुसऱ्या दिवशी देवरामनं सुधाताईंना गेटवरच थांबवलं. "ताई, किती लांब हाय वो ते?"

त्यांनी मोबाइल बघितला. "साडेबारा हजार किलोमीटर. विमानानं."

देवराम बोटांवर मोजत राहिला. लग्नाच्या वर्षी ती दोघं द्राक्षाच्या कामाला पेठहून नाशिकपर्यंत चालत आली होती. दीड दिवस. भागीबाई सारखी पुढं, हा मागं.

"म्हंजे वर्षभर चालावं लागंल," तो म्हणाला.

"मधे समुद्र आहे, देवराम."

"तेच ना."

रोज संध्याकाळी फोन यायचा; तिकडं तेव्हा सकाळ असायची. भागीबाई ओरडून बोलायची. "इथं नागलीची भाकर नाय वो. नुस्ता पाव."

"बरी हायस ना?"

"हाय. तुमी जेवले?"

मग बोलणं संपायचं. पण फोन कुणी ठेवायचं नाही.

ऑक्टोबरात नात झाली. देवरामनं सोसायटीत घरोघरी पेढे दिले. नोव्हेंबरात सुट्टी काढून तो गावी गेला आणि भावाला सोबत घेऊन कापणी उरकली. आठ दिवस भावाकडेच जेवला. स्वतःच्या घरी चूल पेटवायला हात धजेना.

जानेवारीत तृप्ती चाचरत म्हणाली, "बाबा, माझी ड्युटी सुरू होतेय. आई अजून सहा महिने राहिली तर?"

"तिला काय वाटतं?"

"ती म्हणते, तुम्हाला विचार."

गेटपाशी गाडीचा हॉर्न वाजला. देवरामनं जाऊन गेट उघडलं, लावलं, फोन परत कानाला धरला. "राहू दे. पोर लहान हाय."

 तिसऱ्या दिवशी तो सुधाताईंकडे गेला. "ताई, माझा पण पासपोर्ट काढायचा."

"आणि शेत?"

"भाऊ बघंल."

पासपोर्टच्या ऑफिसात काउंटरवरच्या बाईंनी सहज विचारलं, "काका, कुठं निघालात?"

"नात बघायला," तो म्हणाला. थोडं थांबून पुढं म्हणाला, "अन् बायको हाय तिकडं."

पासपोर्ट आलाय. व्हिसाचं अजून काही कळलेलं नाही. परवा भागीबाईनं फोनवर सांगितलं, लय बर्फ पडतोय, येताना घोंगडी आणा.