कायचा ताबा?

कागद टाईप करून देणारी बाई गिऱ्हाइकाचीच तोंडी परीक्षा घेते, असं कुठे पाहिलंय? मावशी घ्यायची. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयासमोर कडुनिंबाखाली तिचं टेबल होतं. वर निळी ताडपत्री, खाली एक लॅपटॉप आणि कुरकुरणारा प्रिंटर. तुमचा अर्ज बाहेर यायचा, पण हातात मिळायचा नाही. मावशी त्यावर पालथा तळहात ठेवायची आणि म्हणायची, "सांग वं, काय लिवलं याच्यात? तुह्या शब्दात सांग." सांगता आलं तर सही करा. नाही आलं तर बाकावर बसा, मावशी समजावून सांगेल, मग पुन्हा परीक्षा. वकिलांचे कारकून जाम वैतागायचे. एकदा एक जण म्हणाला, "मावशी, तुम्ही टायपिस्ट आहात का हेडमास्तर?" मावशी म्हणाली, "सही तुले कराची आहे का गा? नाही ना? मंग चूप बैस."

मी तिच्याकडे पहिल्यांदा गेले ती रडतच. नवऱ्याने घटस्फोटाचा अर्ज टाकला होता आणि कोर्टाची नोटीस माझ्या हातात होती. मला वाटलं, नोटीस आली म्हणजे निकालच लागला. बुटीबोरीच्या कारखान्यात मी सूत तपासते. दोरा कुठे कच्चा आहे ते बोटांना कळतं माझ्या. पण त्या कागदावरची एक ओळ डोक्यात शिरेल तर शपथ! मावशीने कागद वाचला, चष्मा कपाळावर चढवला. "नोटीस म्हंजे बोलावनं वं, बाई. 'तो असं असं म्हनते, तुहं काय म्हननं आहे?' एवढंच विचारून राहिले तुले. पन गेली नाही तं एकतर्फी होते. एकतर्फी म्हंजे त्याचंच खरं." मग नाक पुसायला तिने मला प्रिंटरचा कोरा कागद दिला. रुमाल तिच्याकडे कधीच नसायचा.

पुढे दर तारखेला मी आधी तिच्याकडे जायचे, मग कोर्टात. अंतरिम पोटगी म्हणजे काय, हे मला वकीलसाहेबांनी दोनदा सांगितलं होतं. मी दोन्ही वेळा मान डोलावली होती आणि दोन्ही वेळा काही कळलं नव्हतं. मावशी म्हणाली, "सैपाक व्हाचा आहे, पोट्टं रडून राहिलं. त्याले आधी भाकरीचा तुकडा देतेस का नाही? तो तुकडा म्हंजे अंतरिम. पुरं जेवन निकालाच्या वक्ती." समुपदेशकाकडे जायची मला लाज वाटायची. त्यावर तिचं म्हणणं, "तिथं रडलं तं चालते, पन फेकाचं नाही." आणि पुकाऱ्याबद्दल तर ती रोज बजावायची. शिपायाने नाव पुकारलं की हातातला चहा खाली ठेवायचा आणि धावायचं, भले कप लवंडला तरी.

एकदा मी विचारलं, "मावशी, एवढं डोकं काहून खपवता लोकांसाठी?" ती टाईप करता करता म्हणाली, "मी केली होती सही एकदा, न वाचता."

आता खरी गोष्ट सांगते. वर्षभराने आम्ही दोघंही थकलो आणि संमतीने वेगळं व्हायचं ठरलं. माझी मुलगी मुक्ता तेव्हा सहा वर्षांची होती आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत कन्हानला वडिलांकडच्या आजी-आजोबांकडे गेली होती. मला दोनच गोष्टी हव्या होत्या, मुक्ता आणि शांतता. जरीपटक्याचं आमचं दोन खोल्यांचं घर, जिथे नवरा राहत होता, ते त्यालाच लखलाभ, असं मी ज्याला त्याला सांगत सुटले होते. तारखेच्या दिवशी माझे वकील दुसऱ्या कोर्टात अडकले. तेवढ्यात नवऱ्याचे मामा हाताने लिहिलेली पुरसिस घेऊन आले. पुरसिस म्हणजे दोघांनी सही करून कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन. मामा म्हणाले, "मावशी, पटकन टाईप करा, पुकारा होऊन जाईन."

मावशीने टाईप केलं, प्रिंट काढली आणि वर तळहात ठेवला. "सांग वं."

मी घडाघडा सांगितलं. कुणाची कुणावर तक्रार नाही, सगळं समजुतीने. शेवटची ओळ होती, 'ताबा सध्या आहे तसा पतीकडे राहील.' ती तर मला अगदीच सोपी वाटली.

"ताबा त्यांच्याकडे," मी म्हटलं.

"कायचा ताबा?"

"घराचा. अजून कायचा?"

मावशीने चष्मा काढला आणि मामांकडे पाहिलं. "काहो भाऊ, घराचाच ना?"

मामा कडुनिंबाकडे बघत म्हणाले, "कोर्टाची भाषा आहे, मावशी. तुम्ही कागद द्या."

"घराचा असन तं 'घराचा' लिवा. एक शब्द तं आहे." मग ती माझ्याकडे वळली आणि हळू आवाजात म्हणाली, "पोरी, कोर्टात लेकराचाही ताबाच म्हनते. तुही लेक सध्या कुठी आहे?"

कन्हानला! मी बाकावर बसले. 'सध्या आहे तसा.' पेन माझ्या हातात होतं, टोपण काढलेलं. मामांनी 'घराचा' हा शब्द काही लिहिला नाही. मावशीने ती प्रिंट टराटरा फाडली आणि न विचारता माझ्यासाठी पुढची तारीख मागणारा मुदतीचा अर्ज टाईप करायला घेतला.

त्याच संध्याकाळी भावाला घेऊन मी कन्हानला गेले आणि मुक्ताला माझ्याकडे आणलं. पुढच्या पुरसिसमध्ये वकीलसाहेबांनी स्वच्छ लिहिलं, मुलीचा ताबा आईकडे, वडिलांना एक रविवार सोडून भेट. मामांच्या कागदातली ती ओळ नवऱ्याला ठाऊक होती की नाही, मी कधी विचारलं नाही. तो रविवारी नेमाने येतो, मुक्ता आनंदाने जाते, मला तेवढं पुरे आहे. कारखान्यातल्या बाया आता माझ्याकडे कागद आणतात. मीही त्यावर तळहात ठेवते, आणि त्याही वैतागतात.

मावशीचं टेबल आता तिथे नाही, त्या जागी दुचाक्या लागतात. काचबिंदूने तिचे डोळे गेले. गेल्या महिन्यात मी मुक्ताला घेऊन तिच्या घरी गेले. मुक्ता आता दहावीत आहे, माझ्याहून उंच. मावशीने आवाजावरून मला ओळखलं. "बुटीबोरीवाली ना वं? अन संगं कोन आहे?"

नाव सांगायला तोंड उघडलं, पण भलताच शब्द बाहेर पडला. "ताबा," मी म्हटलं.

मावशी बोळकं पसरून हसली. "कायचा ताबा?"

ही गोष्ट मुक्ताला पाठ आहे. ती पुढे झाली आणि तिने आपला हात मावशीच्या मांडीवर ठेवला. "माझा, आजी."

मावशीने त्या हातावर पालथा तळहात ठेवला, कागदावर ठेवायची तसाच. आम्ही निघेपर्यंत तिने तो उचलला नाही.