एकाच डबीतल्या गोळ्या

मी लेखक नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला; आजवर लिहिले ते उत्तरपत्रिकांपुरतेच. तरी नत्थूकाकाजींविषयी लिहायला बसलो, या आगाऊपणाची क्षमा असावी.

नागपुरात पशुवैद्यकाचे शिक्षण घेताना मी त्यांच्याकडे खोली घेऊन राहत होतो. घरात ते, मुलगी कमल आणि म्हातारा कुत्रा मोत्या. गिरणीत कापूस पिंजण्याच्या खात्यात काकाजींची हयात गेली. निवृत्त झाले ते दमा घेऊनच. जेवताना पहिली भाकर मोडून मोत्यापुढे ठेवत. "घरातला बुढा तो हाये गा. आधी त्याचं, मंग माहं."

एकदा मोत्या अंगणात एकाच बाजूने गोल फिरू लागला. "काहून गा डॉक्टर, हा तेलघानीच्या बैलावानी फिरून राहिला?" पास होण्याआधीपासून ते मला डॉक्टरच म्हणत. मग झटके आले. आमच्या सरांनी तपासले. मेंदूत गाठ असावी, म्हणाले. आत डोकावून पाहायची सोय नव्हती. झटक्यांसाठी एक गोळी दिली आणि मेंदूची सूज उतरावी म्हणून दुसरी, प्रेडनिसोलोनची.

चार दिवसांत मोत्या सरळ चालू लागला. काकाजींनी मोहल्लाभर सांगितले. "तुह्या किताबीत तं मरन लिवलं होतं नं? पाय, भाकर मांगून राहिला! बरा झाला नं?"

सूज उतरली होती, गाठ तशीच होती. ते मला ठाऊक होते. त्यांच्या तोंडाकडे पाहून मी 'हो' म्हणालो.

दोन महिन्यांनी मोत्या पुन्हा फिरू लागला. आता औषध वाढवून उपयोग नाही, असे सर म्हणाले. तरीही तो सावरला. मला नवल वाटले. मग एका सकाळी काकाजी स्वतःच्या डबीतली गोळी गुळात दाबून त्याला भरवताना दिसले. दम्यासाठी त्यांनाही तीच, प्रेडनिसोलोनची गोळी होती.

"काकाजी, तुमची एकदम सोडू नका. जिवावर बेतेल."

"मले कुठं झटके येऊन राहिले?" ते हसले, आणि हसता हसता धापा टाकू लागले. "तूच म्हनला नं, बरा झाला म्हनून? मंग आता काहून मरू देऊ त्याले?"

तेव्हाही मला खरे बोलवले नाही. डबीवर लक्ष ठेव, एवढे कमलला सांगून मी रामटेकच्या दवाखान्यात रुजू झालो.

महिन्याभराने तिचे कार्ड आले. "बाबा सोमवारी गेले. दवाखान्यात नेईपर्यंत श्वास पुरला नाही. मोत्या जेवतो, सरळ चालतो. डबीत बारा गोळ्या आहेत. त्याला देत राहू का, कळवावे."