चौथ्या टँकरचा आकडा

यंत्रात काही शिरतं-बिरतं, असल्या गोष्टी मी कधीच मानल्या नाहीत. आजही चारचौघांत मानत नाही. पंपांच्या मोटारींचं वाइंडिंग भरता भरता प्रोग्रामिंग शिकलेला माणूस मी. मला कुणी फसवू शकलं नव्हतं... सुदाम सोडून. बारा वर्षं एका ताटात जेवलेला माझा भागीदार.

दुष्काळाचं वर्ष. बीडजवळ, पालीला आमच्या पाणी सहकारी संस्थेचा टँकर भरायचा पॉइंट होता. तिथलं मीटर माझं. लिटर मोजणाऱ्या चिपचं रजिस्टर सोळा बिटांचं — शून्य ते पासष्ट हजारांपर्यंत मोजणारं. चिप वाचणाऱ्या प्रोग्राममध्ये ते 'अनसाइन्ड' टाइपातच वाचायचं, म्हणजे उणे आकडा येतच नाही. मी तसंच लिहिलं होतं. सुदामला माझ्या जागी स्वतःचं मीटर बसवायचं होतं. त्यानं गुपचूप टाइप 'साइन्ड' केला, म्हणजे उणे आकडेही धरणारा. त्यात बत्तीस हजारांच्या वर मावत नाही, आकडा उलटतो. दहा हजार लिटरचे तीन टँकर भरेपर्यंत बेरीज बरोबर. चौथा भरला की स्क्रीनवर उणे २५,५३६! गावभर माझी टिंगल.

मी मीटर बॅटरीसकट काढलं आणि भर दुपारी संचालकांच्या टेबलावर ठेवलं. उणे आकडा सगळ्यांनी पाहिला. लॅपटॉपवर बदललेली ओळही दाखवली.

चेअरमन म्हणाले, "आमाला काय कळतंय त्यातलं? सुदाम, उचल बेलभंडारा."

मला वाटलं, देवाची शपथ म्हटल्यावर आता हा कबूल होणार. त्यानं उचलला! "म्या कोडला हात लावला न्हाई."

...आणि स्क्रीनवरचं उणे गेलं. ४०,०००. स्वच्छ, बरोबर.

"चांगलं तर चालतंय की बे!" एक संचालक हसले. "कावून बोंबलतो? तुजीच वायर ढिली आसल."

मी टेबलावर हात आपटला, नाही नाही ते बोललो. व्हायचं तेच झालं — काम सुदामला, खोटारडा मी.

घरी येऊन चिपमधला प्रोग्राम तपासला. टाइप 'साइन्ड'च. त्यात चाळीस हजार मावूच शकत नाही. पुण्याच्या दोन इंजिनिअरांना दाखवलं, दोघंही म्हणाले, नाहीच मावत. देवानं खोट्याची शपथ खरी केली, की आणखी काही?

पण त्या दिवशी बैठकीनंतर संस्थेच्या पायऱ्यांवर सुदामनं मला गाठलं होतं. तोंड पांढरंफटक.

"आण्णा, खरं सांगा... माघारी टाइप कवा बदलला तुमी?"

मी बदलला नव्हता.