इटलीतले खांदे, फ्रान्सातले खांदे

मे महिन्यात इटलीची, जुलैत फ्रान्सची, ऑगस्ट सरता सरता स्पेनची. तीन-तीन आठवड्यांच्या या सायकल शर्यती मी धाराशिवच्या घरी बसून मोबाइलवर पाहतो. कुणाला घाट चढायला किती मिनिटं लागली, ते वहीत लिहितो आणि आमच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपवर टाकतो. तिथं मला 'सर' म्हणतात.

यंदा इटली जिंकलेला गडी फ्रान्समध्येही पहिल्या पाचात होता. वहीप्रमाणं फॉर्म तसाच. शेजारी शेंगा फोडत बसलेली बायको म्हणाली, "ह्यो दमलाय."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"खांदे बघा की. तवा इटलीत खांदे गप होते, नुसते पाय चालायचे. आता समदं अंग हलवतोय. बैल असा डुलाय लागला की आमचे बाबा औत सोडायचे. ह्यो पुढच्या शर्यतीत खाली बसतोय बघा."

मी खेकसलो. घाट वेगळा, वारा वेगळा, ऊन वेगळं; तरी मी मिनिटांना मिनिटं जुळवत बसलो होतो, हे तिनं एका नजरेत उघडं पाडलं होतं. ती पुन्हा शेंगांकडं वळली.

दुसऱ्या दिवशी मी ग्रुपवर लिहिलं, 'खांदे बघा. हा स्पेनमध्ये टिकणार नाही.' बैल तेवढा गाळला.

स्पेनमध्ये दुसऱ्याच आठवड्यात तो मागं पडला. 'सरांची नजर!' म्हणत ग्रुप उसळला. जळकोटचा एकजण तर सत्कार करू म्हणाला. "एवढं काय वाजतंय?" बायकोनं विचारलं. "ऑफिसचं," मी म्हणालो. ती थाप महिनाभर बोचत राहिली.

काल सकाळी तिला सगळं सांगितलं. तिच्यासमोरच ग्रुपवर लिहिलं: ते बायकोनं ओळखलं होतं, मी उलट तिलाच गप्प केलं होतं.

उत्तरं आली. 'सर, लई विनोदी!' 'वहिनींना एवढं भेता व्हय?' खरंच सांगतोय, म्हणून पुन्हा लिहिलं. पुन्हा हसले. तिसऱ्यांदा लिहिलं. छे! माझं खोटं एका ओळीत खपलं होतं, आणि आता खरं कुणी घेईना.

"काय म्हणतेत?"

"हसतायत."

"कुणाला?"

तिनं हात पुसले, मोबाइल माझ्याकडून घेतला.

"आवाज कुठून पाठवायचा ह्यात?"

मी बटण दाखवलं. ती दाबून धरून बोलायला लागली, "त्या गड्याचे खांदे म्या बघितले होते..."