डावी बाजू आत्याची

माझ्या आत्याने तेहेतीस वर्षं लोकांना सुया टोचल्या. दवाखान्याच्या तळमजल्यावर तपासणीसाठी रक्त काढायचं टेबल होतं, तिथे ती बसायची, आणि ते काम डाव्या हाताने करायची. नवा माणूस खुर्चीत बसला की आधी तिच्या हाताकडे बघायचा आणि मग दाराकडे. "पळायचं असेल तर आत्ताच पळा," आत्या म्हणायची, "नंतर कापसाचा बोळा धरून पळावं लागेल." माणूस हसेपर्यंत नळी भरलेली असायची. दवाखान्यात तिचं नावच डावरी पडलं होतं, आणि लहान मुलं सोडली तर तिला घाबरणारं कोणी नव्हतं.

तिच्या दोन गोष्टी मात्र सगळ्यांना माहीत होत्या. एक, "सकाळपासून काही खाल्लं नाही हो" असं मिशीला बिस्किटाचा चुरा लागलेला असताना सांगणारे लोक तिला तोंडावरून कळायचे. दुसरी, नळीवर नाव लिहून, ते माणसाला वाचून दाखवल्याशिवाय ती नळी हातावेगळी करायची नाही. एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर गेलं असं तिच्या हातून एकदाही घडलं नाही. विषय पावभर शेंगदाण्यांचा असला तरी ही गोष्ट ती त्यात आणू शकते.

लग्न तिने केलं नाही. आमच्याच घराच्या वरच्या मजल्यावर तिची एक खोली आणि छोटं स्वयंपाकघर आहे. निवृत्त झाल्यावर पहिले दोन महिने ती रोज सकाळी साडेसहाला तयार होऊन खुर्चीत बसायची आणि मग कुठे जायचंच नाही हे आठवून चिडायची. पहिल्याच हिवाळ्यात माझ्या आईने, म्हणजे तिच्या धाकट्या भावजयीने, तिच्या मांडीवर कापड टाकलं आणि म्हटलं, "वन्सं, तुम्हाला सुई तर धरता येतेच. माणसांना पुरे झाली, आता याला टोचा."

आणि आत्या त्या कशिद्यात अशी रमली, की आम्ही बघतच राहिलो.

टाका एकच, फुलीचा. कापडाच्या विणीवर दोन तिरक्या रेघा, एकीवर दुसरी, झाली फुली. नमुन्याचा चौकटीचौकटींचा कागद समोर ठेवायचा आणि चौकटी मोजत फुल्या भरत जायचं. दर हिवाळ्याला एक मोठं काम ठरलेलं. कापड मोठ्या चौकटीवर ताणलेलं, उजव्या बाजूला आई, डाव्या बाजूला आत्या. दारंखिडक्या बंद, पायाशी हीटर, मांडीवर पांघरूण, खिडकीतून येणारं ऊन सरकेल तशा दोघी खुर्च्या सरकवणार. नळाचं पाणी बोटं तोडणारं असलं की आत्याला विशेष आनंद. "आज बाहेर जायचं कारणच नाही," असं म्हणत ती सुईत दोरा ओवायची, आणि तिचा चेहरा सुट्टी जाहीर झालेल्या शाळकरी मुलीसारखा व्हायचा. गुणगुणायची, फुल्या मोठ्याने मोजायची, चुकली की स्वतःलाच शिव्या घालायची. आई मोजतानाही बोलत नसे. आईचं शिवणकाम म्हणजे बघत राहावं असं. तिच्या हाताखालून गेलेल्या कापडाची मागची बाजूही पुढच्यासारखी दिसते. अशा माणसांना दुसऱ्याचं काम सहन होत नाही, हे मला लहानपणीच भांडी घासताना कळलं होतं.

हिवाळा संपला की आई ते कापड खाली घेऊन जायची. धुवायचं, इस्त्री करायची, मागून अस्तर लावायचं. आत्याला हे किचकट काम नकोच असे. दोन-अडीच महिन्यांनी वस्तू तयार होऊन वर यायची. मग आत्या ती कुणालाही दाखवायची. दवाखान्यातल्या जुन्या लोकांना, शेजारणींना, गॅसची टाकी आणणाऱ्याला. "डावी बाजू माझी," ती सांगायची, "उजवी वहिनीची. सांगा बरं, फरक कळतोय?" कोणालाच कळायचा नाही. तेव्हा आत्या मान हलवून हसायची. दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरीणबाई एकदा म्हणाल्या, "तुमच्या हातात कला आहे हो." ते वाक्य आत्याने त्या वर्षी किती वेळा ऐकवलं याला गणती नाही.

फरक कळायचा नाही, कारण फरक शिल्लकच नसायचा. खाली गेल्यावर आत्याची सगळी डावी बाजू उसवली जायची आणि आई ती पुन्हा स्वतः भरायची.

पहिल्या वर्षी त्याला कारण होतं. टेबलावरची चादर एका लग्नात द्यायची होती, आणि आत्याच्या फुल्या काही ओढलेल्या, काही सैल, शिवाय तिची बाजू उजेडात वेगळीच चमकायची. "अर्धी चादर धुतलेली आणि अर्धी न धुतलेली वाटते गं," आई म्हणाली. "लोक वन्संना नावं ठेवतील." दुसऱ्या वर्षी उशीचे अभ्रे होते, ते कुठेच द्यायचे नव्हते. तरी उसवले. पुढे कारण विचारायचंच राहून गेलं. असे आठ हिवाळे गेले.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. आत्याची जवळची नजर अधू झाली आहे, फुलीची रेघ कुठून कुठे जाते हे तिला कधी नीट दिसलंच नसणार. ती अंदाजाने आणि बोटांनी भरायची. म्हणून या हिवाळ्यात मी तिला टेबलाला चिमट्याने लावायचं मोठं भिंग आणलं, कडेने दिवा असलेलं. प्रेमानेच आणलं. माझी अक्कल तेव्हा कुठे चरायला गेली होती कोण जाणे.

तो दिवस यंदाच्या हिवाळ्यातला सगळ्यात गार. दुकानाला सुट्टी होती. आई बँकेत गेली होती आणि आत्याने मला सोबतीला वर बोलावलं होतं. या वेळच्या नमुन्यात तळं होतं, तळ्यात बदकं. आत्याच्या वाट्याचं बदक चार दिवस चाललं होतं आणि त्या सकाळी पुरं झालं. ती इतकी खूष होती की तिने बदकालाच "या, बसा" म्हटलं. मी भिंग लावून दिलं. आत्या वाकली, बघितलं आणि ओरडली.

"अगं, इकडे ये! हे बघ, गंमत बघ!"

मी गेले.

"वहिनीच्या फुलीतली वरची रेघ उजवीकडे झुकते. आणि माझी बघ, डावीकडे. प्रत्येक फुली! मी डावरी ना, म्हणून." तिने भिंग इकडून तिकडे सरकवलं. "म्हणजे आमचं कुठलं कुणाचं ते कायमचं ओळखता येणार. नाव लिहायची गरजच नाही. आठ वर्षं मला पत्ता नाही बघ! जा, ते अभ्रे आण खालून. पडद्याची पट्टी आण. मला माझे सगळे टाके बघायचेत."

"नंतर आणते ना," मी म्हटलं. "खाली गार आहे."

"मग पळत जा."

मी गेले आणि जमेल तितका वेळ लावला. आईला फोन केला, तिने उचलला नाही. शेवटी अभ्रे घेऊन वर आले. आत्याने पहिला अभ्रा भिंगाखाली धरला. डावी बाजू बघितली. मग उजवी. मग पुन्हा डावी. दुसरा अभ्रा घेतला.

"या सगळ्या उजवीकडे झुकतायत," ती म्हणाली.

"धुतल्यावर दोरा वळत असेल," मी म्हटलं.

आत्याने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. मला बिस्किटाच्या चुऱ्याची आठवण झाली. मी नकळत ओठ पुसले.

"बाकीचं आण," ती म्हणाली.

घरात होतं नव्हतं ते सगळं आणलं. पडद्याची पट्टी, आमच्या दिवाणखान्यात काचेमागे लावलेली झाडांची चौकट. तिची काच मलाच खिळे काढून वेगळी करावी लागली. आत्या एकेक वस्तू ओळीने बघत होती, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, बोट ठेवून. दवाखान्यात रांगेतल्या नळ्या तपासायची तशी. तिला एक टाका हवा होता, एक तरी. मी मनात म्हणत होते की आईच्या हातून चुकून एखादं पान, एखादी फांदी राहिली असू दे. पण माझ्या आईच्या हातून असं काही राहत नाही.

आई वर आली तेव्हा पलंगावर सगळा पसारा होता. तिने आधी काच काढलेली चौकट बघितली आणि म्हणाली, "अगंबाई, ही का उघडलीत? धूळ जाईल आत."

"वहिनी," आत्या म्हणाली, "यातलं माझं कुठे आहे ते दाखव."

आईने माझ्याकडे बघितलं. मी हीटरकडे बघितलं.

"काय लावलंय हे वन्सं? सगळं दोघींचंच आहे. रंग तुम्हीच तर निवडलेत."

"रंग निवडायचेच होते तर दुकानात नोकरी केली असती. मी हिवाळाभर इथे बसून भरलं, ते कुठे आहे?"

आई खुर्चीत बसली. तिने पदर सारखा केला, पलंगावरच्या अभ्र्याची सुरकुती सरळ केली. मग म्हणाली, "दोन हातांचं काम आहे हे लगेच दिसायचं हो. लोक तुम्हाला नावं ठेवतील म्हणून केलं. तुमच्यासाठीच केलं."

"दोन हातांचंच होतं ना पण?"

"वन्सं, अहो, एवढ्याशा गोष्टीसाठी..."

"ठेवू दिली असतीस नावं. ती मला ठेवली असती, माझ्या कामाला ठेवली असती." आत्याचा आवाज चढला नव्हता, हेच वाईट होतं. "मी सगळ्या गावाला सांगत फिरले, डावी बाजू माझी म्हणून. डॉक्टरीणबाईंनी कौतुक केलं, मी मान हलवली. तुझ्या कामाला माझं नाव लावून आठ वर्षं मिरवलं मी. मी! आणि तू समोर बसून ऐकत होतीस."

"ऐकवत नव्हतं म्हणून आत निघून जायचे मी चहा टाकायला," आई म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "तुम्ही एवढ्या आनंदाने करायचात. काय सांगणार होते? नीट होत नाही म्हणून?"

"हो. तेच सांगायचं होतंस."

"मग तुम्ही सोडून दिलं असतंत."

"नसतं सोडलं," आत्या म्हणाली. "मला आवडत होतं गं."

आई डोळे पुसत खाली गेली. मला तिचा राग आला होता आणि तिची कीवही येत होती. त्याहून जास्त मला तिथून निसटायचं होतं. मी अभ्रे गोळा करायला लागले.

"ते राहू दे," आत्या म्हणाली. "एक सांग. आठ वर्षं घर सांभाळून, वर माझं उसवून पुन्हा भरायचं, एवढं सगळं वहिनी एकटी करत होती?"

मी अभ्रा खाली ठेवला. खोटं बोलायची सोय नव्हती, ती मघाशीच संपली होती.

"भरायची आई," मी म्हटलं. "उसवायचे मी."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून." तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. रविवारी दुपारी आत्या वर झोपलेली असताना आई मला कापड द्यायची आणि म्हणायची, तुझी बोटं बारीक आहेत. मला ते काम आवडायचंही. हे मात्र मी आत्याला सांगितलं नाही.

आत्याने ताणलेल्या कापडाची चौकट माझ्याकडे वळवली, भिंग तिच्या बदकावर आणलं आणि टेबलावरची छोटी कात्री माझ्या हातात दिली.

"उसव."

"आत्या, नको ना."

"आठ वर्षं माझ्या माघारी केलंस. आज माझ्यासमोर कर. कसं करतात ते मला बघायचंय."

"आत्या, पाया पडते मी तुझ्या. ते बदक किती छान..."

"छान नाहीये, वाकडं आहे. मला आता दिसतंय. पण माझं आहे. उसव."

मी रडायला लागले. ती वाट बघत राहिली, खुर्चीतला माणूस शांत होईपर्यंत थांबायची तशी. मग मी कापड उलटं केलं. मागून कात्रीचं टोक घालायचं, दर तिसऱ्या फुलीला दोरा कापायचा, पुन्हा सुलटं करून चिमट्याने तुकडे ओढायचे, आणि नखाने कापड खरवडायचं, म्हणजे विणीतली भोकं बुजतात. आधी चोच गेली. मग मान. मग पाठीवरची ती दोन पिसं, ज्यांचा रंग ठरवायला तिला एक अख्खी सकाळ लागली होती. आत्या भिंगातून बघत होती. चार दिवसांचं बदक अर्ध्या तासात गेलं आणि कापडावर काही होतं अशी खूणही उरली नाही.

"हात बसलाय तुझा," ती म्हणाली.

मी रडतच होते. पण ती हे म्हणाली तेव्हा माझ्या लक्षात आलं की बदक केव्हाच संपलं होतं, आणि माझी बोटं तिने न सांगता त्याच्या खालचं पाणी उसवायला लागली होती.